आईच्या झडपेच्या ऑपरेशनबरोबर 'मेझ' करून घ्यावे का?

सड्यावरचा (राजापूर तालुका)

नमस्कार. हा प्रश्न माझ्या आईसंबंधी आहे. तिचे वय ५७. लहानपणी तिला सांधे सुजून ताप येत असे आणि त्याच तापाने तिची मायट्रल झडप खराब झाली, असे निदान अकरा वर्षांपूर्वी झाले. तेव्हा गोळ्यांवर भागले. गेल्या तीन वर्षांत मात्र तिच्या नाडीला काही धरबंध राहिलेला नाही. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला थोडक्यात एएफ म्हणतात, ते कायमचे दिसते. आमचे घर खालच्या वाडीत आहे आणि तिथून रस्त्याला यायचे तर चिऱ्याच्या साठ-सत्तर पायऱ्यांची घाटी चढावी लागते. पूर्वी डोक्यावर आंब्याची पाटी घेऊन ती एका दमात वर येत असे. या शिमग्यात पालखी पाहायला येताना ती चार वेळा बसली आणि ती वर पोहोचेपर्यंत पालखी पुढच्या वाडीत गेली होती.

मुंबईत तपासण्या झाल्या. झडपेचे तोंड ०.९ चौरस सेंटिमीटर एवढेच उरले आहे, शिवाय तिला मध्यम गळती आहे, डावे अलिंद, म्हणजे हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा, ५४ मिलिमीटरपर्यंत फुगले आहे आणि उजवीकडची ट्रायकस्पिड झडपही गळते. घशातून नळी घालून केलेल्या एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या अलिंदाला जोडलेल्या छोट्या पिशवीत रक्ताची गुठळी दिसली. शल्यविशारदांचे म्हणणे असे की, मायट्रल झडप बदलताना त्याच वेळी 'मेझ' नावाची शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे नाडी ठिकाणावर येण्याची शक्यता वाढेल. झडपेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होईल, परंतु मेझसाठी लागणारा क्लॅम्प त्या पॅकेजमध्ये बसत नाही आणि त्याचे लाखाच्या वर पैसे आम्हाला भरावे लागतील, असे तिथे सांगितले गेले. दुसरे मत घ्यायला कोल्हापूरला गेलो, तर तिथले डॉक्टर म्हणाले की एवढी मुरलेली एएफ परत येतेच, झडप तेवढी बदलून घ्या.

बागेच्या करारावर उचल घेऊन पैसे उभे करता येतील, त्याची चिंता नाही. सध्या तिला रक्त पातळ ठेवणारी नव्या प्रकारची गोळी चालू आहे. तिच्यासाठी सारखे रक्त तपासावे लागत नाही आणि आम्हाला ती फार सोयीची पडली आहे, कारण आमच्या गावाहून तपासणीला राजापुरात जायचे म्हणजे एसटीने अख्खा दिवस मोडतो. मेझ केले की रक्त पातळ करायची गोळी कायमची सुटते, असे एका नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगितले. ते खरे असेल तर मी उद्याच पैसे भरीन. जाणकारांनी आणि ज्यांच्या घरी हे झाले आहे अशांनी कृपया सांगावे.

पावसाळी वेळापत्रक

माझ्या साडूंना हाच एएफचा त्रास होता. त्यांच्या मांडीतून नळी घालून आतल्या आत डागले आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले. छाती उघडायची वेळ आली नाही. तुमच्या आईंना तसे का करत नाहीत, हे आधी विचारून घ्या, असे मला वाटते.

भरतीओहोटी

मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिशियन आहे, शल्यविशारद नाही. झडपेचे ऑपरेशन करून गावी परतलेले रुग्ण पुढची वीस-वीस वर्षे माझ्यासारख्यांकडे येतात. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते टेबलावरच्या कौशल्याविषयी कमी आणि नंतरच्या आयुष्याविषयी अधिक आहे.

वरच्या प्रतिसादाचे उत्तर आधी देतो. झडप चांगली असलेल्या माणसाची एएफ आणि संधिवाताच्या तापाने झडप आवळलेल्या माणसाची एएफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो येथील डॉक्टरांनी दाखवून दिले की, अनेकांमध्ये एएफची ठिणगी फुफ्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. मांडीतून नळी घालून त्या शिरांभोवती डागण्याचा उपचार त्यातूनच रुजला. इथे मात्र अरुंद झडपेमागे वर्षानुवर्षे दाब साचून सबंध अलिंद ताणले गेले आहे आणि आत गुठळी बसली आहे. गुठळी असताना त्या अलिंदात नळी फिरवणे म्हणजे ती मेंदूकडे ढकलण्याचा धोका पत्करणे होय. शिवाय झडपेसाठी छाती उघडायचीच आहे. म्हणून या धाग्यातला प्रश्न एवढाच उरतो की, उघडलेल्या हृदयात आणखी काय करून घ्यावे.

आता तुमच्या नातेवाइकांचे विधान. ते चुकीचे आहे आणि त्यावर विसंबून पैसे भरू नयेत. गोळी सुटणार की नाही हे मेझवर ठरत नाही, ते मुख्यतः कोणती झडप बसते यावर ठरते. धातूची झडप बसवली तर नाडी घड्याळासारखी चालू लागली तरी वॉरफेरिन किंवा असिट्रॉम ही जुन्या प्रकारची गोळी जन्मभर घ्यावीच लागते आणि मायट्रलच्या जागी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान राखावा लागतो. नव्या गोळ्या इथे चालत नाहीत. धातूच्या झडपांवर डाबिगाट्रान या नव्या गोळीचा प्रयोग करून पाहिला गेला आणि गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्याने तो थांबवावा लागला. २०१३ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप बसवली तर पहिले काही महिने सोडल्यास नव्या गोळीचा विचार करता येतो. ब्राझीलमध्ये १,००५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एएफ असलेल्या आणि मायट्रलच्या जागी ऊतींची झडप बसवलेल्या रुग्णांमध्ये रिव्हारोक्साबान ही नवी गोळी वॉरफेरिनपेक्षा उणी पडली नाही. पण तशी झडप साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि वय जितके कमी तितकी ती लवकर झिजते. म्हणजे सत्तरीच्या आसपास पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. या निवडीत डॉक्टरांनी सल्ला द्यावा, पण निवड आईंनी स्वतः करावी.

इथे मला तुमच्या पत्रातले एक वाक्य खटकले, आणि मेझचा निर्णय पुढच्या आठवड्यात झाला तरी चालेल, हे मात्र उद्याच पाहावे. तुमच्या आईंना सध्या नव्या प्रकारची गोळी चालू आहे असे तुम्ही म्हणता. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या एएफच्या रुग्णांमध्ये नवी गोळी आणि जुनी गोळी यांची तुलना करणारा मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. २४ देशांतले साडेचार हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते, आपल्याकडचेही होते. अपेक्षा अशी होती की नवी गोळी किमान बरोबरीची ठरेल. प्रत्यक्षात जुन्या गोळीवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही त्यांच्यात अधिक आढळला नाही. अशा अरुंद झडपेला आणि त्यातही आत गुठळी दिसत असताना आम्ही वॉरफेरिन किंवा असिट्रॉमच देतो. गोळी स्वतःहून बंद करू नका किंवा बदलू नका, पण हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून विचारा.

राहिली नाडी. मायट्रल झडपेच्या ऑपरेशनसोबत मेझ करणे आणि न करणे यांची तुलना करणारा २६० रुग्णांचा अभ्यास २०१५ साली अमेरिका व कॅनडातून आला. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने, दोन्ही वेळा, एएफपासून मुक्त असलेले रुग्ण मेझ केलेल्यांत ६३.२ टक्के होते आणि न केलेल्यांत २९.४ टक्के. फरक मोठा आहे. परंतु वर्षभरातल्या मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता आणि पेसमेकर बसवावा लागण्याचे प्रमाण मेझ केलेल्यांत अडीच पटींहून अधिक होते. शिवाय तिकडच्या मायट्रल झडपा बहुतांशी वयाने किंवा इतर कारणांनी सैल झालेल्या असतात. आपल्याकडच्या, तापाने जाड आणि कडक झालेल्या झडपेमागचे अलिंद अधिक खरवडलेले असते. अलिंद जितके मोठे आणि एएफ जितकी जुनी तितके यश कमी. साठ मिलिमीटरच्या पुढे बरेच शल्यविशारद हात आखडता घेतात. ५४ मिलिमीटर आणि तीन वर्षे ही मधली परिस्थिती आहे. म्हणून एक डॉक्टर करा म्हणाले आणि दुसरे नको म्हणाले, यात दोघांपैकी कोणी खोटे बोलले असे मी मानत नाही. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनाचा कल मात्र स्पष्ट आहे: मायट्रलसाठी हृदय उघडलेच असेल आणि नाडी सुधारण्याचा प्रयत्न करणे योग्य वाटत असेल तर तो त्याच वेळी करावा.

घाटी चढण्याविषयी एक गोष्ट आईंना जरूर सांगा. त्यांचा दम बहुतांशी अरुंद झडपेचा आहे. नाडी वेगाने धावली की त्या बारीक तोंडातून रक्त पुढे जायला वेळच उरत नाही आणि ते फुफ्फुसात साचते. झडप बदलली की एएफ राहिली तरी, वेग आटोक्यात असेल तर, त्या पायऱ्या पुष्कळ सोप्या होतील. नाडी सुधारली तर अलिंदाच्या आकुंचनाचा थोडा हातभार परत मिळेल, तो वरचा फायदा.

कुणगा

मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात एकतीस वर्षे हार्ट-लंग मशीन चालवले. आता लांज्याजवळ भातशेती करतो. डॉक्टरांनी वर लिहिलेले सारे योग्यच आहे. मी फक्त टेबलाच्या बाजूने दिसलेले सांगतो, कारण 'मेझ' या शब्दाने घरची माणसे उगाच बिचकतात.

एएफमध्ये विजेच्या लहरी अलिंदात गोल गोल फिरत राहतात. आपल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, पाणी जसे हवे त्या वाटेने न्यायला आपण मेरा (बांध) घालतो, तसे अलिंदाच्या भिंतीत व्रणांचे बांध घालायचे, म्हणजे लहरीला गोल फिरायला जागा उरत नाही आणि ती एकाच वाटेने खाली उतरते, अशी ही कल्पना. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथे डॉ. जेम्स कॉक्स यांनी १९८७ साली असे पहिले ऑपरेशन केले. तेव्हा अलिंद खरोखरच कात्रीने कापून पुन्हा शिवत असत. काम उत्तम होई, पण वेळ फार लागे आणि टाक्यांतून रक्त झिरपत राही. म्हणून फार थोडे शल्यविशारद त्या वाटेला जात. २००२ नंतर बऱ्याचशा छेदांची जागा रेडिओलहरींच्या चिमट्याने आणि गोठवणाऱ्या सळईने घेतली. तुम्हाला ज्याचे पैसे भरायला सांगितले तो क्लॅम्प म्हणजे हाच चिमटा. भिंत दोन्ही ओठांत धरायची आणि भाजायची, की काही सेकंदांत पांढरी रेघ उमटते.

आता यातली मेख. कुर्लीने (खेकड्याने) मेरेला एक बीळ पाडले तर रात्रीत सगळा कुणगा रिकामा होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. व्रणाच्या रेघेचेही तसेच आहे. भिंतीच्या आरपार भाजले गेले नाही आणि मध्ये चार मिलिमीटरची फट राहिली तर लहर तिथून निसटते. कधी कधी तर अर्धवट बांधामुळे नवीच, अधिक ठाशीव धडधड सुरू होते. म्हणून यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. शल्यविशारदांना नम्रपणे विचारा की ते अशी ऑपरेशने नेहमी करतात का, फक्त डाव्या अलिंदात रेघा घालणार की दोन्हीकडे, आणि भाजून झाल्यावर शिरा विजेच्या दृष्टीने तुटल्या का हे तपासून पाहणार का. डावीकडेच काम केले तर वेळ वाचतो आणि पेसमेकरची शक्यताही कमी राहते. तुमच्या आईंची ट्रायकस्पिड दुरुस्त करायला उजवे अलिंद तसेही उघडावे लागणार, तेव्हा दोन्हीकडे करण्याचा विचार ते करतील. हृदय थांबवून ठेवण्याचा वेळ याने वीस-तीस मिनिटे वाढतो. हृदयाची ताकद चांगली असेल तर तेवढे सहन होते. फुफ्फुसाचा दाब फार चढलेला असेल, तर हीच मिनिटे महाग पडतात.

आणि गुठळीचे. अशा केसमध्ये महाधमनीला चाप लावेपर्यंत हृदयाला कोणी नीट हातही लावत नाही. सगळ्या खोलीत एक प्रकारची शांतता असते. भूलतज्ज्ञ एकोच्या पडद्यावर नजर खिळवून असतात. मग अलिंद उघडून ती गुठळी चमच्याने काढतात. मी पाहिलेल्यांपैकी काही जुन्या गुठळ्या थराथरांच्या होत्या, सुकवलेल्या कोकमासारख्या.

गुठळी काढल्यावर ती पिशवी बंद करायला विसरू नका, असे मात्र मी प्रत्येक नातेवाइकाला सांगत असे. आतून दोन पदरी टाके घालून ती बंद करता येते, कापून काढता येते, किंवा बाहेरून क्लिप लावता येते. टाक्यांना क्लॅम्प लागत नाही आणि वेगळे पैसेही लागत नाहीत.

भरतीओहोटी

कुणगा यांनी पिशवीचा मुद्दा काढला ते फार बरे झाले. माझ्या लिहिण्यात तो राहून गेला होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एएफ असलेल्या ४,८११ रुग्णांचे हृदयाचे ऑपरेशन करताना निम्म्यांची पिशवी बंद केली आणि निम्म्यांची केली नाही. सरासरी ३.८ वर्षांच्या पाठपुराव्यात पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळी जाण्याचे प्रमाण बंद केलेल्यांत ४.८ टक्के आणि न केलेल्यांत ७ टक्के होते. बहुतेकांच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना हा फरक पडला, म्हणजे पिशवी बंद करणे हा गोळीच्या जोडीला मिळालेला फायदा आहे, गोळी सोडण्याचा परवाना नव्हे. धातूची झडप बसवलेले रुग्ण त्या अभ्यासात घेतलेले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. आणखी एक: झडपेचा आजार नसलेल्यांमध्ये डाव्या अलिंदातल्या गुठळ्यांपैकी सुमारे ९१ टक्के या पिशवीत सापडतात, पण संधिवाताच्या तापाच्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे ५७ टक्केच आहे, बाकीच्या मोकळ्या अलिंदात बनतात. तरीही, ज्या पिशवीत आज गुठळी आहे ती उद्या उघडी ठेवण्यात काही अर्थ नाही. मेझविषयी दुमत होऊ शकते, याविषयी माझ्या मनात दुमत नाही.

देवबाग

मी मालवण तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. माझी मायट्रल झडप आठ वर्षांपूर्वी बदलली आणि त्याच वेळी मेझही झाले. झडप धातूची, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली. ही आपल्या देशातली झडप पहिल्यांदा ६ डिसेंबर १९९० रोजी बसवली गेली, हे मला नंतर कळले आणि उगाचच अभिमान वाटला. रात्री वीज गेली आणि पंखा थांबला की तिची टिकटिक मला ऐकू येते. पहिले वर्षभर झोप उडायची, आता ऐकू आली नाही तर दचकेन.

माझी नाडी साडेपाच वर्षे नीट चालली. मग एका पावसाळ्यात पुन्हा बिघडली आणि आता तशीच आहे. वेग आटोक्यात ठेवायला एक गोळी घेते. बाजारातून चालत येते, दम लागत नाही. ती साडेपाच वर्षे फुकट गेली असे मला वाटत नाही, पण मेझ म्हणजे कायमचा बंदोबस्त, असे समजून पैसे भरले असते तर आज मी चिडले असते.

माझी तक्रार वेगळी आहे. नाडी बिघडल्यावर इथल्या डॉक्टरांनी विचारले की, तुमची अलिंदाची पिशवी बंद केलेली आहे का? मला ठाऊक नव्हते. डिस्चार्ज कार्डावर झडपेचा नंबर होता, मेझ झाल्याची नोंद होती, पण पिशवीविषयी अवाक्षर नव्हते. रुग्णालयाला पत्र लिहिले, दोन वेळा माणूस पाठवला, तेव्हा चार महिन्यांनी ऑपरेशन नोटची झेरॉक्स हाती आली. बंद केलेली होती. तुम्ही घरी निघण्यापूर्वीच ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या आणि झडपेच्या कार्डासोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत कागद उरत नाही.

गोळीविषयी. ऑपरेशननंतर नाडी सावरायला काही महिने अमिओडारोन देतात. त्या गोळीने असिट्रॉमचा जोर वाढतो, हे मला कोणी समजावून सांगितले नव्हते. त्यात मी पाठदुखीसाठी दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. आयएनआर पाहिला तर ६.८. तेव्हापासून विचारल्याशिवाय साधी दुखण्याची गोळी किंवा काढासुद्धा घेत नाही. उलट बाजूही आहे. श्रावणात आपल्याकडे अळू, गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, त्याआधी टाकळा, भारंगी असे सुरू होते आणि माझा आयएनआर दरवर्षी खाली घसरायचा. पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करते. भाजी सोडायची नाही, बारा महिने सारख्या प्रमाणात खायची, हे शिकायला मला तीन श्रावण लागले. माशांचे पथ्य नाही, ते मी तुमच्या आईंच्या माहितीसाठी मुद्दाम लिहिते. दात काढायचा झाला तर मात्र आधी डॉक्टरांना झडपेचे सांगा. त्याआधी अँटिबायोटिक घ्यावे लागते.

सड्यावरचा (राजापूर तालुका)

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. भरतीओहोटी यांनी लिहिल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी कागद पुन्हा पाहिले, थोडा वेळ गप्प राहिले आणि आईला असिट्रॉमवर घेतले. आता दर आठवड्याला राजापूरची फेरी होते. तिथल्या प्रयोगशाळेत नमुना सकाळी दहापूर्वी पोहोचला तर संध्याकाळी आकडा फोनवर कळतो, त्यामुळे पहिली एसटी धरावी लागते.

झडपेचा विषय आईपुढे मांडला. ऊतींची झडप बसवली तर पुढे कदाचित रक्ततपासणीची कटकट कमी होईल, पण सत्तरीत पुन्हा छाती उघडावी लागेल, असे दोन्ही बाजूंनी सांगितले. तिने फार विचार केला नाही. "काय ते एकदाच होऊ दे, एसटीचा प्रवास मला जमतो," एवढेच म्हणाली. तेव्हा झडप धातूची. गोळी जन्मभर राहणार हे आता घरात सर्वांना माहीत आहे, त्या नातेवाइकांनाही.

शल्यविशारदांना वरचे सर्व प्रश्न कागदावर लिहून नेऊन विचारले. त्यांना राग आला नाही. पिशवी आतून शिवणार, दोन्ही अलिंदांत रेघा घालणार, आणि नाडी टिकण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक समजा, त्यापेक्षा जास्त आशा मी देणार नाही, असे ते म्हणाले. फुफ्फुसाचा दाब फार चढलेला निघाला तर मेझ सोडून फक्त झडप आणि पिशवी करून बाहेर पडेन, असेही त्यांनी सांगितले. हे शेवटचे वाक्य ऐकून मला कसे कोण जाणे, धीर आला. क्लॅम्पचे पैसे भरले. तारीख मे महिन्यातली मिळाली आहे.

कुणगा

काय सोडायचे हे आधी ठरवून टेबलाशी उभा राहणारा शल्यविशारद मिळाला आहे. परत येताना महामार्गाने गाडी करून आणू नका, रेल्वेने आणा. छातीचे हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात आणि प्रत्येक खड्डा जाणवतो. जूनमध्ये कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागते, त्याआधी निघता आले तर पाहा. हंडा, कळशी, विहिरीचा रहाट, सगळे तीन महिने बंद.

सड्यावरचा (राजापूर तालुका)

जूनचा तिसरा आठवडा. ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. मायट्रल बदलली, ट्रायकस्पिडला कडे बसवले, मेझ दोन्हीकडे झाले, पिशवी आतून शिवली, गुठळी निघाली. ऑपरेशन नोटची प्रत निघण्याच्या दिवशी सकाळी काउंटरवर उभे राहून घेतली आणि ती आता झडपेच्या कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत आहे. सात तारखेच्या गाडीने राजापूर रोडला उतरलो. घाटीवरून खाली तिला खुर्चीत बसवून चौघांनी नेले, त्यामुळे पायऱ्यांची परीक्षा अजून व्हायची आहे.

नाडी पहिले आठ दिवस सरळ होती. नवव्या दिवशी पुन्हा वाकडी झाली, दोन दिवसांनी सरळ झाली, आणि मागच्या सोमवारच्या ईसीजीत परत एएफ होती. मी घाबरून मुंबईला फोन केला. पहिल्या तीन महिन्यांतली अनियमितता यश-अपयशात धरायची नाही, भाजलेल्या जागेची सूज उतरू द्या, ऑगस्टमध्ये चोवीस तासांची होल्टर तपासणी करू, असे उत्तर मिळाले. पेसमेकरची गरज पडलेली नाही. आयएनआर गेल्या आठवड्यात ४.३ आला. देवबाग यांनी अमिओडारोनविषयी लिहिलेले आठवले, म्हणून घाबरलो नाही. डॉक्टरांनी असिट्रॉमची मात्रा कमी केली आणि बुधवारी पुन्हा तपासायला सांगितले आहे.

एक प्रश्न आईचा आहे. पहिल्या पावसाने अंगणाच्या कडेला टाकळा उगवला आहे आणि ती रोज त्याच्याकडे बघते आहे. चालेल का?

देवबाग

चालेल. पण आयएनआर ठिकाणावर येईपर्यंत थांबा, आणि मग आठवड्यातून दोनदा एक वाटी, दर आठवड्याला तेवढीच. टाकळा संपला की तेवढीच दुसरी पालेभाजी. ज्या आठवड्यात सुरू कराल त्या आठवड्याचा आकडा वहीत लिहून ठेवा.